शब्दाविना विलापिका : मॅडलिब याची ‘बीट कंडक्टा’ (खंड ५ व ६) आणि जे डिला याची स्मृती

१. प्रश्नाचे स्वरूप

दिवंगत मित्राच्या स्मरणार्थ रचलेल्या कृतींचा विचार वाङ्मयाच्या इतिहासात विलापिका या सदराखाली होत आलेला आहे. विलापिकेचे घटक बहुधा ठरलेले असतात. गेलेल्याचे गुणवर्णन, झालेल्या हानीचा शोक आणि अखेरीस कोणत्या तरी समाधानाचा शोध, हे ते घटक होत. हे तिन्ही घटक शब्दांच्या आश्रयाने राहतात. तेव्हा शीर्षके वगळता जिच्यात रचनाकाराने स्वतःचा असा एकही शब्द योजिलेला नाही, इतकेच नव्हे तर जिच्यातील ध्वनीही बहुतांशी इतरांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून उचललेले आहेत, अशा कृतीला विलापिका म्हणता येईल काय? आणि म्हणता आले, तर इतिहासाच्या अभ्यासकाने तिचे वाचन कसे करावे? प्रस्तुत निबंधात या दोन प्रश्नांचा विचार एका कृतीच्या आधारे करावयाचा आहे. ती कृती म्हणजे अमेरिकेतील हिप-हॉप संगीताचा एक प्रमुख रचनाकार मॅडलिब याने आपला मित्र जे डिला याच्या निधनानंतर सिद्ध केलेली आणि २००८ व २००९ या वर्षांत प्रसिद्ध झालेली ‘बीट कंडक्टा’ मालिकेतील पाचव्या व सहाव्या खंडाची ध्वनिमुद्रिका होय.

आरंभी एका संज्ञेचा खुलासा करणे अगत्याचे आहे. आपल्याकडे चित्रपटांच्या संदर्भात ‘प्रोड्यूसर’ म्हणजे भांडवल पुरविणारा निर्माता असा अर्थ रूढ आहे. हिप-हॉपमध्ये तो अर्थ अभिप्रेत नाही. तेथे रॅप करणाऱ्याच्या शब्दांखाली जे संगीत असते, ज्याला ‘बीट’ म्हणतात, ते रचणारा तो प्रोड्यूसर. जुन्या तबकड्यांतून एखादा तुकडा निवडावा, तो यंत्रात साठवावा, कापावा, त्याची गती बदलावी, त्याची पुनरावृत्ती करावी आणि त्यावर तालाचा ठेका बसवावा, ही त्याची कारागिरी. या निवडलेल्या तुकड्यास ‘सॅम्पल’ असे नाव आहे. हा मनुष्य बहुधा पडद्यामागे असतो आणि श्रोत्यास आठवतो तो रॅप करणारा. प्रोड्यूसरने स्वतंत्रपणे, केवळ बीट्सचीच, ध्वनिमुद्रिका काढणे ही त्यामानाने अलीकडची आणि मर्यादित परंपरा आहे. शोकासारखी खाजगी भावना त्या परंपरेत कशी प्रवेशली, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

२. पूर्वपरंपरा

हिप-हॉपमध्ये मृत मित्राचे स्मरण हा विषय नवा नाही. ‘हेवी डी अँड द बॉइझ’ या संचातील नर्तक ट्रॉय डिक्सन याचा १९९० साली इंडियानापोलिस येथे उंचावरून पडून मृत्यू झाला. त्याचे मित्र पीट रॉक व सी. एल. स्मूद या जोडीने १९९२ साली त्याच्या स्मरणार्थ ‘दे रेमिनिस ओव्हर यू’ हे गीत प्रसिद्ध केले. शीर्षकातील इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळविली असता मृताचे नावच तयार होते. स्मूदने त्यात आपल्या कुटुंबाच्या आठवणी सांगितल्या आहेत. परंतु हे गीत ज्यांच्या लक्षात राहिले आहे त्यांच्या कानांत प्रथम घुमतो तो सॅक्सोफोनचा एक छोटासा आलाप. तो पीट रॉकने टॉम स्कॉट याच्या १९६७ सालच्या ध्वनिमुद्रणातून घेतला होता. शोकाचा भार शब्दांइतकाच, कदाचित शब्दांहूनही अधिक, एका उसन्या स्वरावलीने वाहिला. आपल्या विषयाच्या दृष्टीने हे पहिले महत्त्वाचे उदाहरण होय.

दुसरे उदाहरण याहून प्रसिद्ध, परंतु वेगळ्या जातीचे आहे. ९ मार्च १९९७ रोजी ‘द नटोरिअस बी.आय.जी.’ या नावाने ओळखला जाणारा रॅपर लॉस एंजेलिस येथे गोळीबारात मारला गेला. त्याचा मित्र व प्रोड्यूसर पफ डॅडी याने त्याच वर्षी ‘नो वे आउट’ ही आपली पहिली ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यातील ‘आय विल बी मिसिंग यू’ हे स्मरणगीत जगभर गाजले. त्याचा पाया ‘द पोलिस’ या वृंदाच्या १९८३ सालच्या एका लोकप्रिय गीतातून घेतलेला होता. मूळ गीताचे कर्तृत्व एकट्या स्टिंग याच्या नावे असल्यामुळे हक्कशुल्क त्याच्याकडे गेले. परंतु प्रत्यक्षात उचललेली गिटारची स्वरावली वाजविणारा वादक अँडी समर्स हा होता आणि गीतकार म्हणून त्याचे नाव कोठेच नव्हते. मित्राचे स्मरण एका मोठ्या व्यापारी यशात परिणत झाले, आणि त्या स्मरणाचा स्वर ज्याच्या बोटांतून आला तो कागदोपत्री अनामिक राहिला. ही विसंगती पुढे पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

तिसरा दाखला एका संस्थेचा आहे. कॅलिफोर्नियातील सॅन होजे भागात पीनट बटर वुल्फ हा प्रोड्यूसर व चॅरिझमा हा रॅपर अशी एक तरुण जोडी काम करीत असे. डिसेंबर १९९३ मध्ये चॅरिझमाची हत्या झाली. आपल्या मित्राबरोबर केलेले काम प्रकाशात यावे या हेतूने वुल्फने १९९६ साली ‘स्टोन्स थ्रो’ ही ध्वनिमुद्रण-संस्था स्थापन केली, आणि तिचे पहिले प्रकाशन दोघांच्या संयुक्त कामाचेच होते. मॅडलिबची बहुतेक महत्त्वाची कामे आणि डिलाची अखेरची ध्वनिमुद्रिका याच संस्थेने प्रसिद्ध केली. ज्या घरात डिलाचा शोक पुढे मांडला गेला ते घरच मुळी एका मित्राच्या शोकातून उभे राहिले होते.

३. जे डिला : लयीचा कारागीर

जेम्स डेविट यान्सी ऊर्फ जे डिला याचा जन्म ७ फेब्रुवारी १९७४ रोजी डेट्रॉइट येथे झाला. आईवडील दोघेही संगीताशी संबंधित होते. शहराच्या कोनंट गार्डन्स या वस्तीत तो वाढला आणि तेथील मित्रांसह त्याने ‘स्लम व्हिलेज’ हा संच उभारला. याच शहरातील अँप फिडलर या वादकाने त्याला एमपीसी या यंत्राचा परिचय करून दिला. रॉजर लिन याने आराखडा केलेल्या या यंत्रात ध्वनीचे तुकडे साठवून ते रबरी चौकोनांवर बोटांनी वाजविता येतात. फिडलरच्याच मध्यस्थीने ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या संचातील क्यू-टिप याची भेट झाली, आणि विशी ओलांडते न ओलांडते तोच डिला त्या संचासाठी, तसेच ‘द फारसाइड’ व ‘दे ला सोल’ यांच्यासाठी संगीत रचू लागला. १९९५ ते २००० या पाच वर्षांतील अनेक नामांकित ध्वनिमुद्रिकांवर त्याचा हात फिरलेला आहे. कॉमन या रॅपरची २००० सालची ‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’ ही त्यांपैकी एक.

त्याच्या कामाचे वैशिष्ट्य लयीत आहे. या यंत्रांमध्ये हाताने वाजविलेला आघात आपोआप जवळच्या मात्रेवर नेऊन बसविण्याची सोय असते. यंत्राच्या दृष्टीने ती चुकीची दुरुस्ती होय. डिलाने ही दुरुस्ती कोठे स्वीकारावयाची व कोठे नाकारावयाची याचा सूक्ष्म विचार केला. एखादा आघात मात्रेच्या किंचित अगोदर येतो, दुसरा किंचित रेंगाळतो, तिसरा मात्र अचूक मात्रेवर पडतो. ठेका ढळल्यासारखा वाटतो, परंतु सम चुकत नाही. ही केवळ ढिलाई नव्हे, तर सरळ लय व झोकदार लय एकाच वेळी नांदविण्याची जाणीवपूर्वक योजना आहे, असे प्रतिपादन डॅन चार्नस यांनी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या चरित्रग्रंथात सविस्तर केले आहे. यंत्रावर सिद्ध झालेली ही लय पुढे हाडामांसाच्या तालवादकांनी प्रयत्नपूर्वक आत्मसात केली. यंत्र माणसाचे अनुकरण करते हा नेहमीचा क्रम येथे उलटा झाला.

२००२ च्या सुमारास डिलाला रक्ताचा एक दुर्मिळ विकार जडला असल्याचे निदान झाले. पुढे ल्युपस या व्याधीचीही भर पडली. काही काळाने तो डेट्रॉइट सोडून लॉस एंजेलिस येथे राहावयास आला. २००५ च्या अखेरीस त्याने चाकांच्या खुर्चीत बसून युरोपचा दौरा केला. १० फेब्रुवारी २००६ रोजी, बत्तिसावा वाढदिवस होऊन अवघे तीन दिवस लोटले असता, त्याचे निधन झाले.

४. दोघांचा पत्रव्यवहार

मॅडलिब, म्हणजे ओटिस जॅक्सन (कनिष्ठ), हा डिलाहून साडेतीन महिन्यांनी मोठा. त्याचा जन्म २४ ऑक्टोबर १९७३ चा. कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड या गावी तो वाढला. वडील गायक होते, आई गीते लिहीत असे, आणि जॅझ संगीतातील नामांकित ट्रंपेटवादक जॉन फॅडिस हे त्याचे मामा. जुन्या तबकड्या शोधण्याचा नाद त्याला लहानपणापासून लागला. ब्लू नोट या प्रख्यात जॅझ-संस्थेने २००३ साली आपल्या भांडारातील ध्वनिमुद्रणे नव्या रचनेसाठी त्याच्या स्वाधीन केली, यावरून या क्षेत्रातील त्याचे स्थान ध्यानी येईल. पुढील वर्षी एम. एफ. डूम या रॅपरच्या साहचर्याने त्याने केलेली ‘मॅडव्हिलनी’ ही ध्वनिमुद्रिका त्याची सर्वांत प्रसिद्ध कृती मानली जाते.

या दोघांचा परिचय प्रथम कामातून झाला. डिलाच्या काही बीट्स मॅडलिबच्या हाती आल्या आणि त्यांवर त्याने स्वतःचा रॅप मुद्रित केला. ही गोष्ट डिलाच्या कानी गेली, तेव्हा त्याने संयुक्त कामाची तयारी दर्शविली. त्यातून २००३ साली ‘चँपियन साउंड’ ही ध्वनिमुद्रिका निर्माण झाली. दोघांची नावे जोडून त्यांनी ‘जेलिब’ असे संयुक्त नाव घेतले. ध्वनिमुद्रिकेची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. तिच्यातील एका गटात मॅडलिबच्या संगीतावर डिला रॅप करतो, तर दुसऱ्या गटात डिलाच्या संगीतावर मॅडलिब. एक डेट्रॉइटला, दुसरा कॅलिफोर्नियात. एकाने ध्वनी पाठवावा, दुसऱ्याने त्यावर आपला आवाज घालून परत करावा, असा हा व्यवहार होता. त्याला पत्रव्यवहार म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. या मैत्रीचे स्वरूपच देवाणघेवाणीचे होते. ध्वनी हीच तिची भाषा आणि तुकडा हेच तिचे पत्र.

हे ध्यानी घेतले म्हणजे पुढील कृतीचा अर्थ लागतो. मित्र गेल्यावर मॅडलिबने आठवणींचा लेख लिहिला नाही, गीत रचले नाही. ज्या भाषेत दोघे बोलत आले त्याच भाषेत त्याने आणखी एक पत्र धाडले. उत्तर येणार नव्हते, इतकाच काय तो फरक.

५. आख्यायिका व साधनचिकित्सा

मॅडलिबच्या ध्वनिमुद्रिकेकडे वळण्यापूर्वी डिलाच्या ‘डोनट्स’ या अखेरच्या कृतीचा विचार केला पाहिजे, कारण नंतरचे प्रत्येक स्मरण तिच्या छायेत वावरते. ती त्याच्या अखेरच्या वाढदिवशी, ७ फेब्रुवारी २००६ रोजी, स्टोन्स थ्रोने प्रसिद्ध केली. तिच्यात एकतीस छोट्या रचना आहेत. पहिल्या रचनेचे नाव ‘समारोप’ या अर्थाचे, तर शेवटच्या रचनेचे नाव ‘प्रारंभ’ या अर्थाचे आहे. शेवट पुन्हा आरंभाशी येऊन मिळतो.

ही ध्वनिमुद्रिका रचनाकाराने जवळजवळ संपूर्णपणे रुग्णालयाच्या खाटेवर, मृत्यू समोर दिसत असता रचली, अशी कथा तिच्याविषयी सर्वत्र सांगितली जाते. कथा हृदयस्पर्शी आहे. परंतु हृदयस्पर्शी कथांविषयी इतिहासाच्या अभ्यासकाने नेहमीच थोडे सावध असावे. चार्नस यांनी संबंधित व्यक्तींच्या साक्षींच्या आधारे दाखविले आहे की, यातील बहुतेक रचनांचा मूळ आराखडा डिलाने रुग्णालयात जाण्यापूर्वी तयार केला होता. संस्थेतील सहकाऱ्याने तिच्या अंतिम जुळणीत साहाय्य केले, आणि रुग्णालयात झाले ते मुख्यत्वे संस्कारांचे काम. यामुळे कृतीचे मोल उणावत नाही. मात्र एक गोष्ट स्पष्ट होते. मृत्यूनंतर श्रोत्यांना एका संतचरित्रासारख्या कथेची गरज भासली आणि ती गरज उपलब्ध तपशिलांनी भागविली गेली. असे रूपांतर आपल्या परिचयाचे आहे. थोरांच्या अंतकाळाभोवती आख्यायिका दाटतात, आणि त्या खऱ्या की खोट्या या प्रश्नाइतकाच, त्या का दाटल्या हाही प्रश्न महत्त्वाचा असतो.

या स्मरणाला एक ऐहिक बाजूही होती. डिलाच्या मागे आई, भाऊ आणि दोन लहान मुली होत्या. उपचारांचा खर्च व थकलेला कर यांचा बोजा शिल्लक होता. त्याचे नाव व अप्रकाशित काम वापरण्याचा अधिकार कोणाचा, यावरून कुटुंबीय व मालमत्तेचे कायदेशीर व्यवस्थापक यांच्यात पुढे काही वर्षे वाद चालला. गेलेल्याचे स्मरण करण्याचा अधिकारही मालमत्तेचा विषय होऊ शकतो हे त्यातून दिसले. २००९ साली आईच्या देखरेखीखाली निघालेली ‘जे स्टे पेड’ ही ध्वनिमुद्रिका डिलाच्या अप्रकाशित बीट्सची होती, आणि तिची जुळणी पीट रॉकने केली. १९९२ साली ट्रॉय डिक्सनसाठी शोक करणारा तोच हा पीट रॉक.

६. खंड पाचवा व सहावा

पीट रॉकने डिलाचेच ध्वनी जुळविले. मॅडलिबचा मार्ग निराळा होता. ‘बीट कंडक्टा’ ही त्याची मालिका डिलाच्या मृत्यूआधीच सुरू झालेली होती. तिच्यात रॅप नसे. कल्पित चित्रपटाचे पार्श्वसंगीत वाटावे अशा छोट्या वाद्यरचनांची ती मालिका होती. तिचा पाचवा खंड ‘डिल कॉस्बी सुइट’ व सहावा ‘डिल विदर्स सुइट’ या नावांनी निघाला. ही नावे म्हणजे डिलाच्या नावाशी खेळ आहे. एक बिल कॉस्बी या विनोदी नटाच्या, तर दुसरे बिल विदर्स या गायकाच्या नावावर बेतलेले. शोककृतीला मित्रांच्या आपसातील थट्टेचे नाव द्यावे, हा निर्णय अर्थपूर्ण आहे. तिऱ्हाइतापाशी करावयाचे गुणवर्णन गंभीर असते. जो मित्राशीच बोलू पाहतो तो त्याला नेहमीच्या लाडक्या नावाने हाक मारतो.

दोन्ही खंड मिळून चाळीसच्या आसपास रचना आहेत. बहुतेक मिनिट दीड मिनिटाच्या आहेत, आणि एक संपते न संपते तोच दुसरी सुरू होते. ही घडण ‘डोनट्स’चीच आहे. तुकडा रंगू लागला की तो अकस्मात तुटतो. श्रोत्याला आणखी हवे असते तेव्हाच ते थांबते. सोल संगीतातील गायकांचे अर्धवट उद्गार, एखादा हुंकार, एखादी अपुरी राहिलेली हाक, यांची वारंवार पुनरावृत्ती होते. डिलाने विकसित केलेली, आघात मात्रेच्या अलीकडे-पलीकडे टाकण्याची पद्धत मॅडलिब येथे स्वतःची म्हणून वापरतो. मात्र त्याचा पोत अधिक खरबरीत, धुळकट आहे. जुन्या तबकडीवर सुई फिरतानाची खरखर तो पुसून टाकीत नाही.

शीर्षके हा एकमेव शाब्दिक पुरावा. ‘फॉर माय मॅन्स’ हे एकीचे नाव, आणि त्यास ‘पूर्वरंग’ या अर्थाची पुस्ती जोडलेली आहे. ‘द मिस्टरी’ हिच्या पुस्तीत डिला अजून येथेच आहे असे म्हटले आहे, तर ‘इन जाह हँड्स’ हिच्या पुस्तीत डिलाचा विलाप असा स्पष्ट निर्देश येतो. एका रचनेत पीट रॉकचे नाव गुंफलेले आहे, म्हणजे डिलाबरोबर त्याच्या पूर्वसूरीलाही वंदन घडते. दुसऱ्या एका शीर्षकात मुख्य प्रेरणास्थान असा उल्लेख करून बीट्सच्या क्षेत्रातील कोल्ट्रेन अशी पदवी दिलेली आहे. जॅझच्या घरात वाढलेल्या माणसाने जॉन कोल्ट्रेनचे नाव सहजासहजी कोणास दिले नसते. गुणवर्णन, शोक आणि मृत्यूनंतरच्या अस्तित्वाचे समाधान हे विलापिकेचे तिन्ही घटक या शीर्षकांत विखुरलेले आढळतात. आरंभी विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर यावरून होकारार्थी द्यावे लागते.

परंतु केवळ शीर्षकांवरून हे सिद्ध करणे म्हणजे पुन्हा शब्दांचाच आश्रय घेणे होईल. खरा पुरावा पद्धतीत आहे. या कारागिरीच्या परंपरेत मृताचा गौरव करणे म्हणजे त्याची पद्धत हाती घेऊन तिच्यात काम करणे. सुताराने गेलेल्या मित्राची पटाशी उचलावी आणि त्याच्याच हाताच्या वळणाने एक नक्षी कोरावी, तसे हे आहे. त्या नक्षीत दोन हात दिसतात, आणि कोणता कोणाचा हे सांगणे कठीण होते. जेलिबमध्ये दोघांनी जो अदलाबदलीचा व्यवहार केला, त्याचे हे एकाकी रूप होय.

७. नामांकित ऋण आणि अनामिक ऋण

येथवरचे विवेचन रचनाकाराच्या बाजूचे झाले. परंतु याच मालिकेतील आधीचे दोन खंड आपल्याला दुसऱ्या बाजूचा विचार करण्यास भाग पाडतात. २००७ साली प्रसिद्ध झालेले तिसरा व चौथा हे खंड ‘इन इंडिया’ या नावाचे असून ते मुख्यतः मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताच्या तबकड्यांतून घडविलेले आहेत. त्यांतील एक रचना मोस डेफ या रॅपरने २००९ साली आपल्या ‘ऑडिटोरियम’ या गीतासाठी वापरली. अशा रीतीने मुंबईच्या ध्वनिमुद्रण-कक्षात वाजलेले व्हायोलिनचे ताफे ऑक्सनार्डच्या एका माणसाच्या हातून जगभर गेले.

हे वादक कोण होते? विसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या वादकांचा व संयोजकांचा मोठा भरणा होता. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे आंतोनियु झेवियर वाझ, ही त्यांपैकी आज थोडीफार ज्ञात असलेली नावे. तबकडीच्या वेष्टनावर संगीत-दिग्दर्शक, गीतकार व पार्श्वगायक यांची नावे छापली जात. वाद्यवृंदाची रचना करणाऱ्यांची क्वचितच, आणि वादकांची जवळजवळ कधीच नाही. ग्रेगरी बूथ यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या वादकांच्या मुलाखती संकलित केल्या, तेव्हा कोठे त्या पडद्यामागील जगाचा लेखी इतिहास उपलब्ध झाला. प्यारेलाल यांनी आपले व्हायोलिनचे गुरू गोन्साल्विस यांचे नाव १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील गीतात गुंफले, ही गोष्ट अपवादात्मकच म्हटली पाहिजे.

म्हणजे ‘बीट कंडक्टा’ मालिकेत दोन प्रकारचे ऋण आहे. एक डिलाचे. ते नावानिशी, पुनःपुन्हा, प्रेमाने मान्य केलेले. दुसरे ज्यांच्या तबकड्यांतून हे सारे घडले त्यांचे. ते बहुतांशी अनुच्चारित. सोल संगीतातील विस्मृत गायकांचे कंठ डिलासाठी शोक करतात, पण त्यांची स्वतःची आठवण कोणी ठेवावी याची तजवीज तेथे नाही. हा दोष एकट्या रचनाकाराचा मानणे मात्र अन्यायाचे होईल. १९९१ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निर्णय देताना चोरी करू नये या बायबलमधील आज्ञेनेच आरंभ केला. २००५ साली दुसऱ्या एका अपील-न्यायालयाने ध्वनिमुद्रणाचा अत्यल्प अंशही परवान्याविना घेता येणार नाही असा दंडक घातला. परवान्याचे शुल्क मोठ्या कंपन्यांनाच परवडणारे. परिणामी छोट्या संस्थेत काम करणाऱ्याच्या दृष्टीने उगम सांगणे म्हणजे खटल्यास निमंत्रण देणे झाले. मूळ कलावंतांच्या संरक्षणासाठी केलेल्या निर्बंधांनी त्यांची नावे उजेडात येण्याऐवजी अधिकच झाकली जावीत, हा या इतिहासातील विपर्यास होय.

या बाबतीत एक खटला उल्लेखनीय आहे. ‘ज्योती’ (१९८१) या चित्रपटातील लता मंगेशकर यांनी गाइलेल्या गीताचा अंश ‘ट्रुथ हर्ट्स’ या गायिकेच्या २००२ सालच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या गीतात वापरला गेला. संगीतकार बप्पी लाहिरी यांनी दाद मागितली असता लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने २००३ साली, त्यांचे नाव दिल्याखेरीज ध्वनिमुद्रिकेची विक्री करू नये, असा आदेश दिला. येथे प्रश्न केवळ पैशाचा नव्हता, नावाचा होता. परंतु न्यायालयातही नाव मिळाले ते संगीतकाराला. ज्यांनी त्या दिवशी ती वाद्ये वाजविली त्यांच्यापर्यंत कायद्याचा हात पोचला नाही.

यावरून अभ्यासकावर येणारी जबाबदारी स्पष्ट आहे, आणि आरंभीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही तिच्यातच आहे. अशा कृतीचे वाचन म्हणजे एक प्रकारची पाठचिकित्सा होय. हस्तलिखितांच्या अभ्यासात क्षेपक कोणता, मूळ कोणते, लेखकाने कोठून काय घेतले हे शोधावे लागते. तसेच येथे तुकड्यातुकड्याचा उगम कानाने ओळखून त्याची नोंद करावी लागते. हे काम आजवर बहुतांशी हौशी संग्राहकांनी चिकाटीने केले आहे. विद्यापीठीय संशोधनाने त्याची दखल घेणे इष्ट आहे. विशेषतः मुंबईच्या ध्वनिमुद्रणांबाबत ते मराठी व कोंकणी भाषिक अभ्यासकांनी हाती घेतले पाहिजे. त्या वादकांच्या कुटुंबांत अजून आठवणी व कागदपत्रे असू शकतील, आणि ती फार काळ टिकणारी नाहीत.

८. समारोप

डिलाचे एमपीसी यंत्र आज वॉशिंग्टन येथील आफ्रिकी-अमेरिकी इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ते त्याच्या आईने दिले. २०१६ साली उघडलेल्या त्या संग्रहालयात ते काचेआड ठेवण्यात आले. हे स्मरण राष्ट्राचे. वाद्य जपले गेले, पण जपले गेल्यामुळेच ते आता वाजत नाही.

मॅडलिबचे स्मरण याच्या उलट जातीचे आहे. २०२१ साली त्याची ‘साउंड अ‍ॅन्सेस्टर्स’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. ध्वनींचे पूर्वज हे तिचे नावच बोलके आहे. तिच्यातही एक रचना डिलाला उद्देशून आहे. मृत्यूस पंधरा वर्षे होत आली तरी पत्रव्यवहार थांबलेला नव्हता. ज्या शोकाचे साधन शब्द नसून काम हे असते, त्या शोकाला समाप्तीचा प्रसंगच येत नाही. काम चालू आहे तोवर तो चालू राहतो. ‘बीट कंडक्टा’चे हे दोन खंड विलापिकेच्या इतिहासात ज्या कारणासाठी नोंदवावयाचे ते हेच.

तथापि ही नोंद करताना त्या खंडांतील इतर आवाजांचाही आठव ठेवला पाहिजे. एका मित्राने दुसऱ्याचे नाव राखले. ज्यांच्या कंठांनी व वाद्यांनी ते राखले गेले त्यांची नावे शोधून काढणे हे काम इतिहासाच्या अभ्यासकाकडे उरले आहे.